पावणेदोन मिलिमीटर आत्मविश्वास

आत्मविश्वास मोजता येतो, हे मानवजातीला फार उशिरा कळलं. त्यामुळे आपल्याजवळ तो किती आहे याचा पत्ता नसतानाच कित्येक पिढ्या जन्मल्या, त्यांनी शेतं केली, लग्नं केली, आणि त्या मेल्यासुद्धा. आता ती अडचण राहिलेली नाही. आत्मविश्वास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तो वरच्या जबड्यातल्या समोरच्या दोन दातांत साठवलेला असतो. दाताचा टवका उडाला की तेवढ्या मापाचा आत्मविश्वास उडतो. टवक्याच्या जागी दाताच्या रंगाचा लेप बसवून, निळ्या दिव्याने तो कडक करून, घासून चकचकीत केला की गेलेला आत्मविश्वास पाऊण तासात परत येतो. या उपचाराला बाँडिंग म्हणतात. (पूर्वी याच कामासाठी तत्त्वज्ञान वापरत. त्याला वेळ फार लागे आणि चमकही येत नसे.)

या शोधाचा लाभ ओटागोच्या डोंगरांतल्या थिसल फ्लॅट या गावाला कसा झाला, ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. गावची वस्ती एकशे चौऱ्याऐंशी, मेंढ्या धरल्यास एक्केचाळीस हजार. दातांच्या बाबतीत गाव मागासलेलं नव्हतं. एके काळी मुलीला लग्नात किंवा मुलाला एकविसाव्या वाढदिवसाला घरचे लोक सगळे दात काढून कवळी भेट द्यायचे, म्हणजे पुढे आयुष्यभर कटकट नको. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा घेणाऱ्या क्लबचे अध्यक्ष वॉली हॅगिट यांना वयाच्या एकविसाव्या वर्षी अशी भेट मिळाली होती, आणि एकोणऐंशीव्या वर्षीही ती त्यांच्या वापरात होती. वडिलांनी दिलेली इतकी टिकाऊ वस्तू गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

तर 'स्मितसंवर्धन योजने'तर्फे गावात माणशी एक फॉर्म आला. त्यात चौदा प्रश्न होते. तुमचं हसू तुम्हाला कसं वाटतं? चारचौघांत बोलताना कसं वाटतं? एकंदरीत स्वतःबद्दल काय मत आहे? एकशे एकाहत्तर लोकांनी चौदाही प्रश्नांना एकच उत्तर लिहिलं: "वाईट नाही."

इथे थोडा खुलासा करायला हवा. थिसल फ्लॅटमध्ये "वाईट नाही" याच्या वर कौतुक जात नाही. क्वचित कोणी "बरं आहे" म्हणतं, पण ते बाळंतपण सुखरूप झाल्यावर किंवा आग विझल्यावर, आणि तेही घरातल्या घरात. गावचा एक पोरगा एकदा प्रांताच्या संघातून खेळला आणि शेवटच्या मिनिटाला त्याने सामना जिंकून दिला. त्या संध्याकाळी त्याचा बाप क्लबात सर्वांसमोर "बरा खेळला" असं म्हणाला, तर पोराच्या आईने बापाच्या हातातला पेला काढून घेतला होता.

ऑकलंडमधल्या गणकयंत्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने "वाईट नाही" या उत्तराला दहापैकी दोन गुण दिले. वयाचे गुण मिळवून-वजा करून सगळा हिशोब झाल्यावर गावाचा सरासरी आत्मविश्वास दोन पूर्णांक तीन निघाला. यादीत गावाच्या वरचं जे गाव होतं त्याला पाच पूर्णांक नऊ होते, आणि ते गाव नुकतंच पुरात वाहून गेलं होतं. थिसल फ्लॅट हे ताबडतोब 'आत्मविश्वास-टंचाईग्रस्त' जाहीर झालं आणि घरोघरी पत्रं गेली.

मर्डो गिलफिलन या त्रेसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला आलेल्या पत्रात लिहिलं होतं: 'आपला आत्मविश्वास १.९ असून आपण तातडीच्या गटात मोडता.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मर्डोला तोपर्यंत आपल्यात काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. सदतीस वर्षांपूर्वी एका एडक्याने त्याला फाटकावर आपटलं होतं आणि समोरच्या डाव्या दाताचा खालचा कोपरा तिथेच राहिला होता. त्या फटीतून तो कुत्र्याला शिट्टी घालायचा. अर्ध्या मैलावरचा कुत्रा त्या शिट्टीवर डावीकडे वळे, उजवीकडे वळे, बसे, उठे. पण शिट्टीसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

पत्र आठवडाभर फ्रिजवर चिकटवलेलं राहिलं. मर्डो येता-जाता ते वाचायचा. दुकानात वॉली भेटला.

"काय रे, तुला किती पडले?" वॉलीने विचारलं.

"एक पॉइंट नऊ."

"मला दोन पॉइंट चार." वॉलीने टोपी सारखी केली. "तसं वाईट नाही."

मर्डोला हे लागलं. कारण वॉली हा असा माणूस होता की जो नेहमी थोडासाच पुढे असे. क्लबच्या मुख्य स्पर्धेत डोंगरावर तीन मेंढ्या सोडतात. कुत्र्याने वर जाऊन त्या गोळा करायच्या आणि खाली मालकापाशी आखलेल्या रिंगणात आणायच्या, चौदा मिनिटांत. मर्डो आणि त्याचा कुत्रा टिप या स्पर्धेत अकरा वेळा धावले होते आणि अकराही वेळा दुसरे आले होते. त्यातल्या आठ वेळा पहिला वॉली होता. टिप आता तेरा वर्षांचा झाला होता. हा त्याचा शेवटचा हंगाम, पुढच्या वर्षी तो चुलीजवळ झोपणार, हे ठरलेलं. आणि यंदा क्लबचं शंभरावं वर्ष होतं. एकदा, फक्त एकदा, चषकावर आपलं आणि टिपचं नाव कोरलं जावं अशी मर्डोची फार इच्छा होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती, पण इच्छा खरी होती आणि त्यापायी त्याला झोप येत नसे.

पत्राने त्याला उत्तर दिलं. अकरा वेळा दुसरं येण्याचं कारण एवढी वर्षं त्याच्या तोंडात होतं, आणि तो ते डोंगरावर शोधत होता.

शुक्रवारी दुपारी योजनेची व्हॅन मैदानावर येऊन उभी राहिली. दातांच्या डॉक्टर फिलिपा ऑरबेल तरुण, उत्साही आणि उत्तम दातांच्या होत्या. त्यांनी मर्डोला खुर्चीत आडवं केलं.

"मर्डो, शेवटचं मनमोकळं कधी हसलात?"

मर्डोने प्रामाणिकपणे विचार केला. "कशावर?"

फिलिपाने लिहून घेतलं: 'आठवत नाही.' मग तिने टवका मोजला. तो पावणेदोन मिलिमीटर भरला.

रंग निवडायला सोळा नकली दातांची पट्टी असते. मर्डोने ती तिच्या हातातून घेतली, व्हॅनच्या दारात उजेडात नेली, आणि लोकरीचा धागा बघतात तशी एकेक छटा डोळ्यांपाशी धरून पाहिली. चौदा दात त्याने नापास केले. "यात भेसळ वाटते," असं त्याचं मत पडलं. शेवटी पंधराव्याला तो म्हणाला, "हा दुसऱ्या प्रतीचा आहे. माझाही दुसऱ्याच प्रतीचा आहे. जुळेल."

जुळला. फिलिपाचं काम चोख होतं, हे मान्य करायला हवं. जुना दात कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. तिने आरसा दिला.

"कसं वाटतंय?"

"वाईट नाही," मर्डो भारावून म्हणाला.

फिलिपाचा चेहरा पडला.

सोबत सूचनांचा कागद होता. अठ्ठेचाळीस तास चहा, बीट, टोमॅटोचा सॉस, लाल दारू, आणि ज्याला काही रंग आहे असं कुठलंही अन्न वर्ज्य. (थिसल फ्लॅटमध्ये यालाच उपासमार म्हणतात.) रात्री बायकोने, नायरीने, त्याच्यापुढे कुस्करलेला बटाटा, उकडलेला मासा आणि कपभर गरम पाणी ठेवलं आणि समोर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"दात परका वाटतोय."

"कोणाचा?"

"शहरातल्या कोणाचा तरी. हसून दाखव बघू."

"तूसुद्धा? अगं, कशावर हसू?"

"आता आरशात बघून हसायची पाळी आलीच आहे तर हस की. उद्या मैदानावर चिडवतील सगळे."

"हसतील त्यांचे दात दिसतील," मर्डो म्हणाला आणि गरम पाणी प्यायला.

क्लबचा नियम नववा असा की शुक्रवारी दुपारपासून मैदानाच्या हद्दीत, स्वतःची पाळी असल्याखेरीज, कोणीही शिट्टी घालायची नाही. दुसऱ्याचा कुत्रा बिथरतो. (या नियमाखाली एकदा चहाची किटलीसुद्धा मैदानाबाहेर काढली होती.) मर्डोने पंचवीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता, आणि घरी विनाकारण शिट्टी मारत फिरणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्यामुळे शनिवारी सकाळी दहा चाळीसला, वायव्येचा वारा सुटलेला असताना, शंभराव्या वर्षाच्या गर्दीसमोर टिपला डोंगरावर सोडून त्याने पहिली शिट्टी घातली, ती नव्या दाताची पहिलीच होती.

"फूऽऽ," असा आवाज झाला.

मर्डोने पुन्हा प्रयत्न केला. मेणबत्ती विझली असती, इतपत जमलं. टिप तोवर अर्ध्या मैलावर पोचला होता. हाक मारावी तर वारा समोरून. ती सरळ मागच्या चहाच्या शेडमध्ये गेली असती. तोंडात बोटं घालून शिट्टी मारणं मर्डोला कधी जमलं नव्हतं. बाहेरून कोणाची मदत घेतली तर स्पर्धक बाद. मर्डोला लाज वाटली, टिपची दया आली, आणि एडक्याचा प्रथमच खरा राग आला. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा त्याने तोंड मिटलं, दोन्ही हात खिशात घातले आणि तो उभा राहिला.

वर टिप थांबला. त्याने खाली मालकाकडे पाहिलं आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग, साहेब रजेवर असल्याचं कळल्यावर जुना कारकून जसा शांतपणे फाईल पुढे ओढतो, तसा तो मेंढ्यांकडे वळला.

त्याने लांबून वळसा घेतला. मेंढ्या एकत्र आल्या आणि उतरू लागल्या. उतारावर एक खडक आहे. तिथे दरवर्षी मर्डो 'थांब'ची शिट्टी घालायचा, टिप थांबायचा, आणि मेंढ्या डावीकडे फुटायच्या. मग त्यांना परत रेषेवर आणण्यात जे दोन गुण जायचे ते जायचेच. यंदा खडकापाशी टिप थांबला नाही. तो अंग चोरून डावीकडून निघाला आणि मेंढ्या सुतासारख्या सरळ खाली आल्या. नवव्या मिनिटाला त्या रिंगणात येऊन उभ्या राहिल्या. टिप खाली बसला आणि त्याने जांभई दिली.

शंभरापैकी साडेसत्त्याण्णव गुण. पंचाने शेरा लिहिला: 'मालकाचा कमालीचा संयम. इतका शांत ताबा पूर्वी पाहिलेला नाही.'

मर्डो मात्र त्या खडकाकडेच बघत होता. अकरा वर्षं, त्याच्या मनात आलं. अकरा वर्षं हा मला जिंकून देत होता आणि मी याला थांबवत होतो. ज्या क्षणाची त्याने एवढी वाट पाहिली त्या क्षणी त्याला मनापासून रडावंसं वाटलं.

बक्षीस समारंभात वॉलीने चषक त्याच्या हातात ठेवला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मर्डोने खरं सांगून टाकायचं ठरवलं.

"मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "सगळं कुत्र्यानं केलं."

टाळ्या पडल्या. शंभर वर्षांत या चषकाच्या प्रत्येक विजेत्याने नेमकी हीच दोन वाक्यं म्हटली होती.

"नाही, ऐका. माझी शिट्टीच वाजली नाही. मी नुसता उभा होतो. खरं सांगतोय. माझा काडीचाही संबंध नाही."

आता लोक उभे राहिले. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे पुसले. वॉलीने त्याला हलकेच बाजूला घेतलं.

"मर्डो, पुरे आता. एवढा नम्रपणा बरा दिसत नाही. लोकांना वाटेल शेखी मिरवतोय."

"अरे वॉली, मी खरंच काही केलं नाही रे!"

"कळलं, लेका, कळलं. आम्हीही जिंकलोय कधीतरी." मग आवाज खाली आणून, "ते दाताचं... दुखतं का रे?"

दुपारी व्हॅनसमोर त्रेचाळीस माणसांची रांग होती आणि अग्रभागी अध्यक्ष होते. फिलिपाने समजावून सांगितलं की बाँडिंग खऱ्या दातांवर करतात. वॉलीने कवळी काढून बशीत ठेवली आणि तो, बोलता येत नसल्यामुळे, वाट बघत बसला. योजनेच्या उद्दिष्टात दात खरे असण्याची अट कुठेच नव्हती. कवळीला आधी टवका पाडण्यात आला आणि मग तो शास्त्रशुद्ध रीतीने भरण्यात आला.

संध्याकाळी मर्डो स्वयंपाकघरात बसला होता. चषक मध्ये ठेवलेला, टिप चुलीपाशी झोपलेला.

"अकरा वर्षं मी त्याला खडकापाशी थांबवत होतो, नायरी."

"हो."

"हो काय? तुला माहीत होतं?"

"कुंपणापाशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." नायरी बटाटे कुस्करत राहिली. "आणि शिट्टी घालताना तू इतका खुशीत दिसायचास. म्हटलं, दोन गुणांचाच तर प्रश्न आहे."

"मग टिप का थांबायचा? त्याला तर कळत होतं."

"तुला बरं वाटावं म्हणून असेल." तिने बशी त्याच्यापुढे सरकवली. "मीही तेच करते की. मागच्या वर्षी लोकर कधी विकायची ते तू ठरवलंस ना?"

"मीच ठरवलं."

"हो. मी विकून आले त्याच्या दोन दिवसांनी."

मर्डोने तिच्याकडे पाहिलं, टिपकडे पाहिलं, चषकाकडे पाहिलं. मग त्याला हसू आलं. ते आत कुठेतरी सुरू झालं आणि थांबेना. तोंड उघडं पडलं, डोळ्यांतून पाणी आलं, टिप दचकून जागा झाला. नायरीसुद्धा हसली. हसणं ओसरल्यावर ती त्याच्या दाताकडे बघून म्हणाली, "बरा दिसतोय." मर्डो कानापर्यंत लाल झाला.

महिन्याभराने पाठपुराव्याचा फॉर्म आला. मधल्या काळात फिलिपाला गावची भाषा समजली होती आणि तिने ऑकलंडला तसं कळवलं होतं. त्यावर परिपत्रक निघालं: 'थिसल फ्लॅट येथील रहिवासी जितकं कमी लिहितील तितके अधिक गुण द्यावेत.' मर्डोने 'उपचारानंतरचा आत्मविश्वास' या प्रश्नापुढे विचार करून लिहिलं, "काही उरलेला नाही." त्याला दहापैकी चौदा मिळाले. हा देशातला उच्चांक आहे. योजनेच्या पत्रकावर आता त्याचा फोटो असतो, खिशात हात घालून डोंगराकडे बघत उभा असलेला, तोंड मिटलेलं. खाली लिहिलंय: 'शांत आत्मविश्वास.' गावाचा एकूण आत्मविश्वास दोनशे बारा टक्क्यांनी वाढला.

फॉर्मच्या शेवटी सूचनांसाठी थोडी जागा होती. तिथे मर्डोने एक प्रश्न सुचवला, आणि योजनेने तो पंधरावा प्रश्न म्हणून देशभर लागूही केला: 'तुम्ही सांगता म्हणून तुमच्या घरात आणि कामावर जे जे होतं, ते तुम्ही सांगितलं नाही तर होईल का?'

आजवर एकोणीस हजार लोकांनी याचं उत्तर दिलं आहे. सर्वांनी, दात धड असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही, 'होणार नाही' असं ठामपणे लिहिलं. आत्मविश्वासाचा इतका एकमुखी निकाल योजनेच्या इतिहासात दुसरा नाही. वाचक या नात्याने आपणही प्रश्न वाचताक्षणी मनात तेच उत्तर दिलंत, त्याची आभारपूर्वक नोंद घेतली आहे. शंका असल्यास घरी विचारून बघा. "तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही," असंच ते सांगतील, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतील.